तारीख न घातलेली तिकिटं

हिनोकुराच्या स्टेशनातून कंपनीने आधी स्टेशनमास्तर काढून नेला, मग हमाल, मग फलाटावरचं घड्याळ. तिकिटाची खिडकी तेवढी राहिली, कारण ती भिंतीतच चिणलेली होती. खिडकी आहे तर मागे कोणीतरी हवं, म्हणून गावातली एखादी बाई बसवावी आणि विकलेल्या तिकिटांवर तिला थोडं कमिशन द्यावं, असं ठरलं. ती बाई म्हणजे किनुए. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती. आता बाहत्तर.

रोज सकाळी सहाला ती खिडकी उघडायची, बाकं पुसायची, थंडीत रॉकेलची शेगडी पेटवायची आणि घरच्या खारवलेल्या मुळ्याची बरणी बाकावर ठेवायची. प्रवासी तोंडात एक फोड टाकून गाडीची वाट बघत. प्रवासी म्हणजे किती, तर बरणी आठवडाभर पुरायची.

तिकिटं जुन्या पद्धतीची, पुठ्ठ्याची. लोखंडी यंत्रात घालून ओढलं की खट् आवाज होऊन त्यावर तारीख उमटायची. तारखेचं चाक ती रोज सकाळी स्वतः फिरवायची. एकवीस वर्षांत तिने चुकीची तारीख एकदाही घातली नव्हती. नवरा तामेइची म्हणायचा, "भात करपेल, पण हिची तारीख चुकायची नाही."

तामेइची याच रुळांवर गँगमन होता. हातोडीने रूळ ठोकत जायचं आणि आवाजावरून ढिला बोल्ट ओळखायचा, हे त्याने चाळीस वर्षं केलं. रेल्वे सरकारी होती तेव्हा त्याच्या टोळीत चौदा माणसं होती. रेल्वेची कंपनी झाली आणि आठ राहिली, मग पाच. तो निवृत्त झाला त्या वर्षी टोळीच गेली. महिन्यातून एकदा ठेकेदाराची गाडी येऊ लागली. ती माणसं आतूनच काचेतून रुळांकडे बघत.

तामेइचीने एकाला विचारलं होतं, "उतरून ठोकून बघत नाही का?"

"ठोकून बघायचे पैसे करारात नाहीत, आजोबा."

या रेल्वेचा जन्मही काही सरळ नव्हता. इसाकावापर्यंत नीट दरीतून जायचं सोडून रूळ मध्येच डोंगराला वळसा घालून कुरोइवा गावाला शिवून येत, कारण सत्तर वर्षांपूर्वी तिथले कुरोइवा सेन्सेइ संसदेत निवडून आले होते. आमच्याकडे निवडून आलेल्या प्रत्येकाला सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणतात, मग त्याने कोणाला काही शिकवलेलं असो वा नसो. त्या वळशाने प्रवास वीस मिनिटांनी वाढला आणि सेन्सेइंची मतं तीस वर्षं टिकली. कुरोइवा स्टेशनवर त्यांचा पितळी पुतळा आहे. स्टेशनला छप्पर नाही, पण पुतळ्याला आहे.

नंतरच्या सेन्सेइंना रेल्वेत रस राहिला नाही. त्यांना रस्त्याचा नाद लागला. रेल्वेची कंपनी करताना त्यांनीच गावोगाव भोंगे लावून सांगितलं होतं की तुमची गाडी कायम राहील, ती कुठेही जात नाही. मग दरीतून, रुळांना समांतर, चार पदरी रस्ता आला. डोंगर आडवा आला तिथे डोंगर फोडला. त्यातले तीन बोगदे नगराध्यक्ष मुनेकाता यांच्या मेव्हण्याने खोदले. रस्ता झाला, गाड्या आल्या, आणि रेल्वे कंपनीने दिवसाच्या अकरा फेऱ्यांच्या चार केल्या. शाळेच्या वेळेची गाडी गेली तशी पोरांच्या आयांनी मोटारी घेतल्या. तेव्हा कंपनी म्हणाली, प्रवासीच नाहीत! आधी ताट काढून घ्यायचं आणि मग म्हणायचं, याला भूकच लागत नाही.

दुरुस्तीचंही तेच. कड्यावरून दगड पडतात तिथे भिंत बांधायची, तर तिथे पाटी लावली: ताशी पंचवीस. पंचवीसच्या वेगाने दगडावर आदळलं तरी गाडी रुळावरून घसरत नाही, असा हिशेब. भिंतीपेक्षा पाटी स्वस्त. तामेइचीच्या काळात अशी एक पाटी होती. आता इसाकावापर्यंत सतरा होत्या. शेवटच्या दोन पाट्यांच्या टप्प्यांत शेजारच्या वाटेने सायकलवाले गाडीला मागे टाकत.

आणि तरीही सकाळी सात वाजून बारा मिनिटांची गाडी होती, म्हणून तामेइची जिवंत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आठ चाळीसला इसाकावा, स्टेशनासमोरच हॉस्पिटल, नऊला डायलिसिसच्या खुर्चीत. चार तास रक्त धुऊन यायचं आणि दुपारच्या गाडीने घरी. पाच वर्षं हे चाललं होतं. या तीन दिवशी किनुए सात पाचला खिडकी लावायची आणि नवऱ्याबरोबर जायची. घरी ती भाज्या दोनदा उकळून क्षारांचं पाणी फेकायची, मोजून घोटभर चहा द्यायची. छपराच्या कडेला वाळत घातलेली पर्सिमनची केशरी फळं त्याला चालत नसत. तो नुसती बघायचा आणि म्हणायचा, "यंदा गोड निघणार, मला कळतंय."

मोटार त्यांच्याकडेही होती, तामेइचीच चालवायचा. नगरपालिकेने मोहीम काढली की म्हाताऱ्यांनी लायसन्स परत करावं, रेल्वेने फिरावं, त्यातच सर्वांचं हित. तामेइचीने पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून परत केलं; मोटार अंगणात तशीच उभी राहिली. मुनेकातांनी त्याच्या हातात प्रशस्तिपत्र आणि रेल्वेच्या सवलतीची वही ठेवली, फोटो काढला. तो फोटो नगरपालिकेच्या पत्रिकेत आला. खाली लिहिलं होतं, रेल्वे हाच आपला भविष्यकाळ.

*

आता या तिकिटांची गोष्ट.

आमच्याकडे रीत अशी की आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही. फळं न्यायची, कागदात नीट बांधून. फळं दिली की कर्तव्य झालं. उशाशी बसलंच पाहिजे असं नाही. रेल्वे आजारी पडली तेव्हा गावाने हीच रीत रेल्वेला लावली. 'रेल्वे बचाव समिती' निघाली, मुनेकाता तिचे अध्यक्ष. ठरलं की प्रत्येकाने तिकिटं काढायची. प्रवास करायचा असं कोणी म्हणालं नाही, आणि त्यात काही राहून गेलंय हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

वर्षातून दोनदा मुनेकाता स्टेशनवर येत. मागे नगरसेवक, त्यांच्या मागे फोटोवाला. बाहेर मोटारी चालूच.

"किनुएसान, दहा द्या. इसाकावापर्यंतची."

"तारीख आजची घालू?"

"नको नको. कोरीच राहू दे. सवडीने जाईन म्हणतो."

त्यांचं बघून मागचाही म्हणायचा, "मलाही कोरीच." खरं म्हणजे कोरं तिकीट द्यायचा नियम नव्हता. पण एवढी मोठी माणसं गाडीला जगवायला आली, त्यांच्या तोंडावर नियम कुठे मारायचा? किनुए द्यायची. तिला वाटायचं, येतील कधीतरी. पहिल्या वर्षी तिने फलाटावर बाकही धुऊन ठेवलं होतं.

बारा वर्षांत एकही तिकीट तारीख घालायला परत आलं नाही.

समितीची शेवटची सभा नोव्हेंबरात झाली. ठिकाण नगरपालिकेचं नवं सभागृह, स्टेशनपासून तीन किलोमीटर, रस्त्याला लागून. वेळ दुपारी दोन. त्या आधीची इसाकावाहून येणारी गाडी सकाळी आठला आणि नंतरची चार वाजता. मुनेकातांचा आदल्या दिवशी फोन आला, "विक्रीची वही घेऊन या, किनुएसान. कंपनीला आकडे दाखवू." ती वही कापडात बांधून चालत गेली. सभागृहाबाहेर मोटारींना जागा पुरेना, म्हणून एक कारकून शिट्टी वाजवून त्यांना भाजीच्या शेतात वळवत होता. रेल्वे वाचवायला लोटलेली एवढी गर्दी तिने कधी पाहिली नव्हती.

कंपनीकडून निशिवाकी नावाचे गृहस्थ आले होते. चाळिशीचे, इतके नम्र की त्यांच्यावर रागावलं तर आपल्यालाच लाज वाटावी. त्यांनी पडद्यावर आकडा दाखवला. हिनोकुरा मार्गावर दिवसाला सरासरी त्रेचाळीस माणसं. मोठ्या शहरांतल्या गाड्या कमवतात ते इथे किती काळ ओतायचं, असं भागधारक विचारतात म्हणाले.

मुनेकाता उठले. "साफ चूक! आमची तिकीटविक्री बारा वर्षांत तिप्पट झाली आहे. किनुएसान, सांगा यांना. तिकिटं विकली की नाही?"

"विकली," किनुए म्हणाली.

"ऐकलंत?"

"या खोलीतल्याच लोकांना विकली. सगळी कोरी आहेत. तारीख घालून द्या म्हणत अजून कोणी आलेलं नाही."

सभागृहात कोणीतरी खोकलं. निशिवाकींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "तिकिटांबद्दल कंपनी मनापासून आभारी आहे. पण आम्ही डब्यातली माणसं मोजतो."

"आज तुम्ही कशाने आलात, निशिवाकीसान?" किनुएने विचारलं.

"मी? ... मोटारीने. गाडीच्या वेळा जमत नव्हत्या."

"वेळा कोण ठरवतं?"

निशिवाकी पुन्हा वाकले. यावेळी जरा जास्त.

"अजून एक विचारते. मी अडाणी बाई. हा बाहेरचा रस्ता नफ्यात आहे का तोट्यात?"

"रस्त्याचं तसं नसतं, आजी. रस्ता सार्वजनिक असतो."

"आणि रेल्वे?"

"रेल्वे कंपनीची आहे."

"असं. म्हणजे मेव्हण्याचा बोगदा सगळ्यांचा आणि माझ्या नवऱ्याची गाडी भागधारकांची."

मागच्या रांगेतून हसू फुटलं. मुनेकाता लाल झाले. "किनुएसान, हा व्यक्तिगत अडचणी मांडायचा मंच नव्हे."

"खरं आहे," ती वही बांधत म्हणाली. "व्यक्तीच तेवढ्या गाडीत बसतात. मंच कुठे बसतो?"

बोलून घरी आली खरी, पण घरी येऊन करायचं काय? मार्चच्या एकतीस तारखेला मार्ग बंद, असं ठरलं. समितीने एकमताने खेद व्यक्त केला. गाडीऐवजी नगरपालिकेची व्हॅन सुरू होणार होती; आदल्या दिवशी तीनच्या आत फोन करायचा, पहिली फेरी साडेनऊला. डायलिसिसची खुर्ची नवाची. हॉस्पिटलने बदलून देता येत नाही म्हणून सांगितलं; दुपारच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. टॅक्सी करावी तर पेन्शन महिन्याच्या दहा तारखेलाच संपली असती. नगरपालिकेची समाजसेविका घरी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजोबांसाठी इसाकावाच्या वृद्धाश्रमात सोय होईल. आजींनी रविवारी भेटायला यायचं."

"कशाने?" तामेइचीने विचारलं.

ती बाई फॉर्म चाळू लागली.

ती गेल्यावर तो छपराखालच्या फळांकडे वळला. मग म्हणाला, "त्याच्यापेक्षा मी रुळावरून चालत जातो. एकेचाळीस किलोमीटर. रस्ता पाठ आहे मला."

"बरं," किनुए म्हणाली. "डबा किती वाजता देऊ?"

दोघं हसली. त्रेपन्न वर्षांच्या संसारात दोघं वेगळ्या छपराखाली झोपली होती ती फक्त त्याच्या रात्रपाळीला.

*

शेवटचा दिवस सोमवार होता.

पहाटे पाचला किनुए स्टेशनवर आली, तर बाहेर रांग. तोक्योहून, ओसाकाहून माणसं आलेली, गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे. मरणाऱ्या गाड्यांच्या अंत्ययात्रेला जायचा छंद असलेले लोक आहेत म्हणे देशात. सगळ्यांना शेवटच्या तारखेचं तिकीट हवं होतं. बरणीतला मुळा वीस मिनिटांत संपला. एकजण डोळे पुसत म्हणाला, "किती सुंदर स्टेशन आहे हो! बंद होतंय हे ऐकून जीव तुटला."

"याआधी आला होतात?"

"नाही, पहिल्यांदाच."

ती तारखा घालत राहिली. खट्, खट्, खट्. वर्षभरात विकली नसतील तेवढी तिकिटं दोन तासांत गेली. सात वाजता मुनेकाता आले, हातात पुष्पगुच्छ. मागे ड्रायव्हर तोगावा, त्याच्या हातात लाकडी खोका. रांगेला वळसा घालून ते थेट खिडकीशी.

"किनुएसान, ही आपली जुनी तिकिटं. एकशेवीस आहेत. आमच्या समर्थक मंडळातल्यांनी माझ्याकडे जमा केलीत. यांच्यावर आजची तारीख घाला. काचेत लावून प्रत्येकाच्या घरी पोचवायची आहेत. मी शब्द दिलाय."

किनुएने खोक्यात बघितलं. बारा वर्षांची तिकिटं, एकाचाही कोपरा दुमडलेला नव्हता. तिने आतल्या भिंतीवर स्वतः टांगलेल्या घड्याळाकडे बघितलं. सात पाच.

"आज सोमवार," ती म्हणाली आणि खिडकी लावली. यंत्र कापडात गुंडाळून पिशवीत टाकलं, बाकावर वाट बघत बसलेल्या नवऱ्याचा हात धरला आणि फलाटावर गेली.

एका डब्याची गाडी आली ती आधीच्याच स्टेशनवर भरून. उरलेली माणसं फलाटावरून आत घुसली. दारात कोणाची बोटं, कोणाचे कॅमेरे. तामेइची काठी टेकत पुढे झाला.

"यांना जाऊ द्या हो," किनुए म्हणाली. "हॉस्पिटलला जायचंय."

"माफ करा," दारातला तरुण म्हणाला. "खूप माफ करा," त्याच्या मागचा म्हणाला. सगळे जमेल तेवढं कमरेत वाकून माफी मागत होते आणि एकही माणूस तसूभर हलत नव्हता. दार लागलं. ताशी पंचवीसच्या वेगाने गाडी गेली आणि तिच्यातली माणसं खिडक्यांतून फलाटावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचे फोटो काढत गेली. असे फोटो पुढे प्रदर्शनात लावतात.

तामेइची फलाटावरच्या बाकावर टेकला. त्याचे पाय सुजलेले होते. शुक्रवारनंतरचा सोमवार नेहमीच जड जायचा.

मुनेकाता फलाटावर हात हलवत होते. ते गाडीत बसलेच नव्हते. कुरोइवाला पुतळ्यापाशी निरोपाचा कार्यक्रम होता आणि तिथे ते गाडीच्या आधी मोटारीने पोहोचणार होते. वळून ते म्हणाले, "अरेरे, राहिलात की! बरं, आता खिडकी उघडताय ना?"

किनुएने पिशवी फलाटाच्या बाकावर ठेवली. कापड सोडलं. खोक्यातलं एक तिकीट उचलून यंत्रात अर्धं घातलं आणि थांबली.

"तुमची मोटार यांना इसाकावाला सोडेल. आत्ता."

"मला कुरोइवाला..."

"एका फेरीला, जाऊन-येऊन, एक तारीख."

"किनुएसान, तुम्ही नगराध्यक्षाशी बोलताय."

"तिकीट काढणाऱ्याशी बोलतेय. प्रवास झाल्याशिवाय तिकिटाला तारीख लागत नाही. बारा वर्षं तुम्हीच कोरी ठेवलीत."

फोटोवाला जवळ आला होता. रांगेतले दोघेतिघे वळून बघत होते. मुनेकातांनी फोटोवाल्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं आणि मग फोटोत येतं तसं हसले. "अर्थात! ज्येष्ठांची सेवा हे तर आमचं कर्तव्य. तोगावा, सोडून ये यांना."

खट्.

एकशेएकोणीस कोरी तिकिटं असलेला खोका मुनेकातांच्या हातात राहिला. ते एका कारकुनाच्या मोटारीतून कुरोइवाला गेले.

मेव्हण्याच्या तीन बोगद्यांतून मोटार अडतीस मिनिटांत इसाकावाला पोचली. तोगावा न राहवून म्हणाला, "बघा आजी, किती झटकन! रेल्वेला दीड तास लागायचा."

"झटकन आहे खरं," किनुए म्हणाली. "परवा किती वाजता येशील?"

तोगावाने आरशातून तिच्याकडे बघितलं. 

बुधवारी सव्वासातला मोटार दारात उभी होती. तोगावा खाली मान घालून आला आणि त्याने एक तिकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. नोव्हेंबरात निवडणूक होती आणि समर्थक मंडळाला दिलेला शब्द एकशेएकोणीस घरांतला होता. किनुएने तिकीट यंत्रात ओढलं. एकतीस मार्च. एकवीस वर्षांत तिने खोटी तारीख घातली नव्हती; आता ती आठवड्यातून तीनदा घालते. शेजारच्या शिगेनो आजीचे डोळे दाखवायचे असले की तिलाही मागच्या सीटवर घेते. तोगावा कुरकुरतो, "मला एकालाच न्यायला सांगितलंय." किनुए म्हणते, "सार्वजनिक रस्ता आहे ना? मग."

यंत्र परत करा म्हणून कंपनीची दोन पत्रं आली. तिने सुवाच्य अक्षरात उत्तर लिहिलं: वस्तू आपलीच आहे. नेण्यासाठी आपला माणूस पाठवावा. त्याने सकाळच्या गाडीने यावं, मी स्टेशनवर असेन.

व्हॅनला फोन करणारे कमी पडले म्हणून जुलैत तिच्या फेऱ्या आठवड्यातून दोन झाल्या. समितीचं नाव आता 'व्हॅन बचाव समिती' आहे. व्हॅनची कूपनं निघालीत. लोक घेतात.

तामेइचीच्या उशाशी भिंतीवर कॅलेंडर आहे. कोणी विचारलं तर किनुए सांगते की उरलेली तिकिटं जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतील. निवडणूक नोव्हेंबरात आहे. दोन्हींतलं आधी काय संपणार, हे तिला कोणी सांगायला नको. तिने ऑगस्टमध्येच ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. पहिल्या दिवशी शिक्षक म्हणाला, "आजी, या वयात कशाला? तुमच्या वयाचे लोक लायसन्स परत करतात."

"केलं होतं आमच्या घरी," किनुए सीट पुढे ओढत म्हणाली. "प्रशस्तिपत्र आहे. चल, क्लच कुठला ते दाखव."